साखरेची दारे

पुणे जिल्ह्यात भीमा नदी बऱ्याच अंतरापर्यंत शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची शीव होऊन वाहते. रांजणगाव सांडसपाशी पुण्याकडून आलेली मुळा-मुठा तिला मिळते आणि तिथून पुढे दोन्ही काठांवर नजर जाईल तिथवर ऊस दिसतो. एकेकाळी ज्वारी-बाजरीवर गुजराण करणारा हा टापू. खडकवासल्याच्या कालव्याने दौंडचा आणि चासकमानच्या कालव्याने शिरूरचा बराच भाग ओलिताखाली आला. पाटसला भीमा, न्हावऱ्याला घोडगंगा हे सहकारी कारखाने उभे राहिले. मागाहून खासगी कारखाने आले. केडगाव, राहू, पारगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळेही आहेत. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते आणि पुढचे चार-पाच महिने इथले बोलणे दोन आकड्यांभोवती फिरत राहते. टन किती पडला आणि उतारा किती लागला?

टन डोळ्यांना दिसतो. उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली किलोभर-किलोभर साखर, दिसत नाही. फडात उभ्या असलेल्या दोन सारख्या जाड, सारख्या उंच उसांपैकी एकात साखर जास्त आणि दुसऱ्यात कमी असू शकते. दोघांना ऊन तेच, पाणी तेच, खत तेच. मग फरक कुठे पडतो? साखर तयार होते पानात आणि साठते कांडीत. या दोहोंच्या मध्ये तिला असंख्य पेशींच्या भिंती ओलांडाव्या लागतात आणि त्या भिंतींना प्रथिनांची दारे असतात. ही दारे कोणती, ती केव्हा उघडतात, किती साखर आत-बाहेर सोडतात, याचा छडा गेल्या पंधरा-वीस वर्षांत लागू लागला आहे. तो लावला तो मुख्यतः प्रकाशाने. त्या प्रकाशाची ही हकिकत आहे.

कारखान्यातला प्रकाश

उसाची साखर प्रकाशाने मोजणे ही नवी गोष्ट नाही. कारखान्याचा कर्मचारी तोडणीआधी फडात येतो, कांडीला भोक पाडून रसाचा थेंब हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो आणि उजेडाकडे तोंड करून आकडा वाचतो. रसात जितके पदार्थ विरघळलेले, तितका प्रकाश जास्त वाकतो. त्या वाकण्यावरून ब्रिक्स कळतो. ऊस बुडख्याकडून पक्व होत शेंड्याकडे जातो. म्हणून बुडख्याचा आणि शेंड्याचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला, की ऊस तोडणीला आला असे समजतात.

ब्रिक्समध्ये एक उणीव आहे. रसातले क्षार, ग्लुकोज, फ्रुक्टोज, सगळेच तो साखर म्हणून मोजतो. म्हणून प्रयोगशाळेत दुसरे यंत्र लागते, पोलॅरिमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाँ-बाप्तिस्त बिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवले होते, की एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश साखरेच्या पाण्यातून सोडला तर त्याचे प्रतल फिरते. सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, ते उजवीकडे फिरवते. तीच साखर तुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले, तर मिश्रण डावीकडे फिरवू लागते. दिशा उलटते म्हणून साखर तोडणाऱ्या विकराला 'इन्व्हर्टेज' हे नाव पडले. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस गाडीत किंवा फडात पडून राहिला की शिळा होतो, त्याचे वजन घटते आणि साखरही घटते, त्यात या विकराचा मोठा वाटा असतो. ब्रिक्स आणि पोल यांच्या गुणोत्तरावरून रसाची शुद्धता ठरते.

या आकड्यांवर बरेच काही अवलंबून असते. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरवलेली रास्त व किफायतशीर किंमत १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. म्हणजे उताऱ्यात एका टक्क्याचा फरक पडला तर टनामागे ३४६ रुपये. एकरी ४० टन धरले तर एकराला जवळजवळ १४ हजार रुपये. पण ही मोजणी साऱ्या कारखान्याच्या सरासरीची असते. एखाद्या शेतकऱ्याच्या उसात साखर जास्त असली, तरी त्याला दर सरासरीचाच मिळतो आणि त्याचे स्वतःचे असे काट्यावर फक्त वजन मोजले जाते.

रिफ्रॅक्टोमीटर काय किंवा पोलॅरिमीटर काय, दोन्ही यंत्रे ऊस पिळून काढलेल्या रसाला प्रश्न विचारतात. रस म्हणजे लाखो पेशी फुटून एकत्र झालेला ऐवज. साखर 'किती' याचे उत्तर त्यात मिळते. ती तिथवर 'कशी' आली, याचे मिळत नाही. त्यासाठी पेशी जिवंत असताना तिच्यात डोकवावे लागते.

तुपातली साखर

पेशीभोवतीचे पटल मेदाच्या रेणूंच्या दोन थरांचे असते. जाडी चार-पाच नॅनोमीटर. वहीचा कागद साधारण एक लाख नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे त्या जाडीत अशी वीस हजार पटले एकावर एक मावतील. इतके पातळ असूनही साखरेला ते पार होत नाही. बेसनाच्या लाडवात पिठीसाखर कितीही घोटली तरी तुपात विरघळत नाही, जिभेला रवाळ लागतेच. पेशीपटलाचे आणि साखरेचे तसेच आहे. साखर पाण्यात रमणारी, पटल तेलकट. आत जायचे तर पटलात रोवलेल्या प्रथिनाच्या दारातूनच.

उसाच्या पानात साखर तयार होण्याची रीत खास आहे. १९६० च्या दशकात हवाई बेटांवर आणि नंतर ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्याच पानांवर काम करून ती उलगडली. कडक उन्हात कर्बवायू पकडण्यात ऊस, मका आणि ज्वारी ही गवते गव्हा-भाताला मागे टाकतात ती तिच्यामुळे. पण साखर तयार झाली म्हणजे काम संपले नाही. ती पानाच्या पेशीतून निघून रसवाहिनीत शिरली पाहिजे, रसवाहिनीतून खाली कांडीत आली पाहिजे, तिथे साठवणीच्या पेशीत गेली पाहिजे आणि त्या पेशीच्या आत असलेल्या रिक्तिका नावाच्या कोठीत उतरली पाहिजे. काही टप्पे पेशींना जोडणाऱ्या बारीक वाटांनी पार पडतात. बाकीच्या टप्प्यांवर पटल ओलांडावे लागते. या प्रवासाच्या शेवटी पक्व कांडीच्या ताज्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत साखर भरलेली असू शकते. वनस्पतींच्या जगात इतकी गोड कोठारे फार थोडी.

साखर पेशीत ओढून घेणारे दार १९९२ मध्ये सापडले, तेही पालकाच्या पानात. जर्मनीत वोल्फ फ्रोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरचे सुक्रोज आत घेता येत नाही अशा यीस्टमध्ये पालकाची जनुके घातली आणि सुक्रोजवर कोणते यीस्ट वाढते ते पाहिले. ज्यात दार बसले, तेच जगले. या दारांच्या कुळाला 'सट' म्हणतात. विहिरीवरची मोटर पाणी चढावर उचलते, तसे हे प्रथिन साखरेला कमी गर्दीच्या बाजूकडून जास्त गर्दीच्या बाजूला ढकलते. त्यासाठी लागणारे बळ ते पटलाच्या बाहेर साठलेल्या हायड्रोजन आयनांकडून घेते.

आत येण्याचे दार असे मिळाले. पण पानाच्या पेशीतून साखर मुळात बाहेर पडते कुठून? हे दार पुढची अठरा वर्षे सापडले नाही, कारण युक्तीच लागू पडत नव्हती. साखर आत घेणारे यीस्ट वाढते, म्हणून ओळखू येते. साखर बाहेर सोडणारे यीस्ट कसे ओळखायचे? पेशी जिवंत राहून, आतली साखर कमी-जास्त होताना दाखवणारे काहीतरी हवे होते.

तरफेच्या तारा आणि फूटपट्टी

इथे वर्णपटशास्त्र आले. पदार्थावर प्रकाश टाकायचा आणि त्यातला कोणता रंग किती शोषला गेला, कोणता रंग परत बाहेर आला, हे वेगवेगळे मोजायचे, ही या शास्त्राची मूळ कल्पना. काही रेणू एका रंगाचा प्रकाश घेऊन क्षणात दुसऱ्या रंगाचा देतात. त्याला प्रतिदीप्ती म्हणतात. नोटेवरचा धागा जांभळ्या दिव्याखाली चमकतो तो याच गुणामुळे.

आता असे दोन रेणू शेजारी ठेवले आणि पहिला जो रंग देतो तोच दुसऱ्याला घेता येत असेल, तर एक गमतीची गोष्ट घडते. सतारीची वरची तार छेडली की तिच्या खालच्या तरफेच्या तारा स्पर्श न होता झंकारतात. तसा पहिला रेणू आपली ऊर्जा दुसऱ्याला परस्पर देऊन टाकतो आणि पहिल्याऐवजी दुसऱ्याचा रंग उमटतो. थिओडोर फोर्स्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात याचे गणित मांडले. ही देवघेव अंतराच्या सहाव्या घातानुसार घटते. समजा पाच नॅनोमीटरवर निम्मी ऊर्जा पोचते. अडीचवर ती ९८ टक्क्यांहून अधिक पोचेल आणि दहावर जेमतेम दीड टक्का. म्हणजे दोन रंगांचे प्रमाण मोजले की दोन रेणूंमधले अंतर कळते. १९६७ मध्ये स्ट्रायर आणि हॉगलँड यांनी ठरावीक लांबीच्या अमिनो आम्लांच्या साखळीच्या दोन टोकांना असे रेणू बांधून हे गणित पडताळले आणि या पद्धतीला वर्णपटाची फूटपट्टी म्हटले. तिची मापे एक ते दहा नॅनोमीटर, म्हणजे नेमकी प्रथिनांच्या आकाराची.

रंग देणारे रेणू जिवंत पेशीत घालायचे कसे, हा प्रश्न एका समुद्री प्राण्याने सोडवला. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले होते. प्रथिन असल्यामुळे त्याचे जनुक दुसऱ्या सजीवात घालता येते आणि पेशी ते स्वतःच तयार करते. रॉजर त्सिएन यांनी त्यात फेरफार करून निळसर, पिवळसर अशा छटा तयार केल्या. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते यासाठी.

फ्रोमर यांच्या गटाने या सगळ्याची एकत्र मोट बांधली. आतड्यातल्या एका जिवाणूकडे ग्लुकोज पकडणारे प्रथिन असते. ग्लुकोज हाती लागले की ते मूठ मिटल्यासारखा आकार बदलते. या प्रथिनाला त्यांनी एक निळसर आणि एक पिवळसर प्रथिन जोडले. ग्लुकोज आले की मूठ हलते, दोन रंगांची एकमेकांशी असलेली मांडणी बदलते आणि निळ्या-पिवळ्याचे प्रमाण बदलते. पेशी न फोडता, रस न पिळता, आतली साखर या क्षणी किती आहे, हे सूक्ष्मदर्शकाखालच्या रंगावरून वाचता येऊ लागले.

बाहेर जाण्याचे दार

२०१० मध्ये, आता अमेरिकेत स्टॅनफर्डच्या आवारातल्या कार्नेगी संस्थेत, ली-चिंग चेन, फ्रोमर आणि सहकाऱ्यांनी ही रंगीत मूठ मानवी मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींत घातली. या पेशी आपणहून साखर फारशी आत घेत नाहीत, म्हणून पाटी कोरी. मग मोहरीच्या जातीच्या एका छोट्या रोपाची, काय काम करतात हे माहीत नसलेली पटलावरची प्रथिने एकेक करून त्याच पेशींत बसवली आणि बाहेर ग्लुकोज सोडले. बहुतेक वेळा रंग हलला नाही. एका प्रथिनाच्या वेळी हलला. पेशीच्या आतल्या कप्प्यांत मूठ बसवून पाहिल्यावर कळले, की या दाराने साखर दोन्ही दिशांनी जाते. त्याला मोटर लागत नाही. कालव्याचे पाणी उताराने वाहावे तशी साखर जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूला जाते. इंग्रजी आद्याक्षरांचा खेळ करून या दारांना 'स्वीट' असे नाव दिले गेले. त्या छोट्या रोपात अशी १७ दारे निघाली, भातात २१. माणसातही एक आहे.

दोन वर्षांनी सुक्रोज ओळखणारी दुसरी मूठ वापरून हाच प्रयोग झाला आणि पानातून साखर बाहेर सोडणारी दोन दारे, स्वीट-११ आणि स्वीट-१२, हाती लागली. रोपात ही दोन्ही जनुके मोडली तर पानात साखर आणि पिष्ट तुंबते आणि रोप खुरटते. साखर खूप, पण घराबाहेर पडता येत नाही. असा सगळा मार्ग जोडला गेला: स्वीटच्या दारातून साखर पेशीबाहेर येते आणि सटची मोटर तिला रसवाहिनीत चढवते.

ऊस मात्र या रोपापासून फार दूरचा. त्याच्या सख्ख्या नात्यातला मका २०१८ मध्ये तपासला गेला. मक्यात स्वीट-१३ या दाराच्या तीन प्रती आहेत. तिन्ही मोडल्यावर मका ठेंगणा राहिला आणि पानांत साखर साचली. म्हणजे गवतांतही पानाच्या उंबरठ्यावर हे दार आहे.

भाताच्या चोराकडून मिळालेला धडा

या शोधाने एक जुने कोडेही सुटले. मावळ-भोरकडच्या भातशेतकऱ्याला कडा करपा ओळखीचा आहे. पानाच्या कडा पिवळ्या पडून वाळतात. रोगाचा जिवाणू पानात शिरतो आणि भाताच्या पेशीत स्वतःचे एक प्रथिन टोचतो. ते थेट भाताच्या जनुकांवर जाऊन बसते आणि नेमके एकच बटण दाबते, स्वीट-११ चे. दार सताड उघडते, साखर पेशींच्या मधल्या पोकळीत येते आणि तिथे बसलेल्या जिवाणूचे पोट भरते. चोर घरमालकाकडूनच दार उघडवून घेतो.

भातपैदासकारांना 'एक्सए-१३' नावाचे करपारोधी जनुक बरेच आधीपासून माहीत होते. ते नेमके काय आहे हे नंतर कळले: स्वीट-११ चे असे रूप, ज्याचे बटण जिवाणूच्या बोटाला सापडत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २००७ मध्ये प्रसारित केलेल्या सुधारित पुसा बासमती-१ मध्ये हे जनुक घातलेले आहे. हे साखरेचे दार आहे असे प्रकाशाने सिद्ध केले २०१० मध्ये. त्याआधीच तीन वर्षे शेतकरी ते पेरत होते. पैदासकाराचा डोळा आणि वर्णपटाचा डोळा वेगवेगळ्या वाटांनी एकाच दारापाशी येऊन थांबले. पुढे २०१९ मध्ये भाताच्या अशा तीन दारांची बटणे जनुकसंपादनाने बदलून करप्याच्या अनेक प्रकारांना दाद न देणारी रोपे तयार झाली.

दार हलते कसे

दार आहे हे कळले. ते हलते कसे? प्रथिनाचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकले की अणूअणूची जागा कळते. भाताच्या एका स्वीट प्रथिनाची अशी रचना २०१५ मध्ये मिळाली. पटलातून आरपार गेलेल्या सात वळ्या आणि त्यांच्या मधोमध साखरेची वाट. पण स्फटिक म्हणजे स्थिरचित्र. त्यात दार एकाच अवस्थेत थिजलेले दिसते.

हालचाल कशी असावी याची कल्पना १९६६ मध्ये ओलेग जार्डेत्स्की यांनी मांडून ठेवली होती. तुरुंगाच्या प्रवेशद्वारी दोन दरवाजे असतात. बाहेरचा बंद झाल्याखेरीज आतला उघडत नाही. वाहक प्रथिनही तसेच: आधी बाहेरच्या बाजूला उघडे, रेणू आत आला की मिटते, मग आतल्या बाजूला उघडते. दोन्ही बाजू एकदम कधीच उघडत नाहीत. हे डोळ्यांनी पाहण्यासाठी पुन्हा तीच फूटपट्टी कामी आली. २०१० मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी एका जिवाणूतले अमिनो आम्ल वाहणारे प्रथिन घेतले, त्याच्या दोन जागी दोन रंगांचे रेणू चिकटवले आणि एकेका प्रथिनाचा प्रकाश वेगळा टिपला. प्रकाशाचे प्रमाण दोन पातळ्यांमध्ये उड्या मारताना दिसले: आतला दरवाजा उघडा, बंद, पुन्हा उघडा. कोट्यवधी दारांच्या सरासरीत लपून जाणारी हालचाल एका दारापुरती दिसली.

साखरेच्या दारावरही असाच प्रयोग पुढे झाला. अमेरिकेत लिली चुंग आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये स्वीट-१ च्या मधोमधच चमकणारे प्रथिन बसवले. आता शेजारी पहारेकरी ठेवायला नको. साखर आत-बाहेर होताना दारच कमी-जास्त उजळते.

उसाचा गुंता

मग उसातली दारे मोठी करावीत, जास्त बसवावीत आणि उतारा वाढवावा, इतके सोपे हे का नाही?

पहिली अडचण उसाच्या वंशाची आहे. आजचा ऊस हा जाड, गोड, पण नाजूक उसाचा आणि काश नावाच्या, नदीकाठी पांढरे तुरे मिरवणाऱ्या रानगवताचा संकर. कोइमतूरच्या केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी हा संकर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यशस्वी केला. 'को' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या वाणांची मालिका तिथली. रानगवताने चिवटपणा दिला आणि गुंताही दिला. उसात शंभराहून जास्त गुणसूत्रे असतात आणि एकेका जनुकाच्या कित्येक प्रती. उसाच्या एका लागवडीतल्या वाणाचा जनुकसंच तपशिलाने वाचून झाला तो २०२४ मध्ये. एका दाराच्या आठ-दहा प्रती असतील, तर त्यातली कोणती काम करते आणि कोणती नुसतीच आहे, हे सांगणे कठीण.

दुसरी अडचण दारांच्या जागेची. उसाच्या 'सट-१' दाराचा शोध ऑस्ट्रेलियात घेतला गेला तेव्हा ते कांडीतल्या वाहिन्यांच्या जुडग्याभोवतीच्या पेशींच्या कड्यात सापडले. साठवणीच्या पेशींतून झिरपून परत वाहिनीकडे निघालेली साखर अडवून मागे घेणे, हे त्याचे काम असावे असा कयास मांडला गेला. म्हणजे हे दार बांधावरच्या राखणदारासारखे. २००६ मध्ये त्याची आणखी एक खोड कळली. मधुमेही लोक वापरतात ते सुक्रालोज, साखरेच्या रेणूत थोडा फेरफार करून केलेले, या दाराला अडवून धरते. जिभेला फसवणारा रेणू उसाच्या दारातही अडकतो.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आणि शेतकऱ्याला सर्वांत ओळखीची. साखर ही उसाची कमाईही आहे आणि खर्चही. उसाला वाढायचे असते तेव्हा तो साखर खर्चून नवी पेरे, नवी पाने घडवतो. वाढ मंदावली की तीच साखर कोठीत टाकतो. म्हणून तोडणीआधी काही दिवस पाणी तोडतात, उशिरा नत्र देऊ नका असे सांगतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत उतारा चढतो. शेतकरी पाण्याने आणि खताने जे करतो, ते पेशीच्या पातळीवर साखर कुठे वळवायची याचे निर्णय बदलणे आहे. दारे मोठी केली पण मागणी वाढीकडेच असली, तर साखर वाढीकडेच जाणार.

को ८६०३२, ज्याला महाराष्ट्रात 'नीरा' म्हणतात, आणि पाडेगावच्या संशोधन केंद्राचा 'फुले २६५' या दोन वाणांवरून पारावर होणारा वाद हाच आहे. २६५ वजनाला भरतो, क्षारपड जमिनीतही तग धरतो. शेतकऱ्याला तो आवडला. साखरेकडे पाहणाऱ्या कारखान्यांना नीरा जवळचा वाटला आणि २६५ ची नोंद घ्यायला अनेकांनी सुरुवातीला का-कू केली. एकाला टन हवा, दुसऱ्याला उतारा. वादाचे मूळ कांडीतल्या त्या दारांपाशी आहे, जिथे साखर वाढीला जाते की कोठीला, हे ठरते.

मोजमापाचा प्रश्न

इथे पुन्हा काट्याकडे यावे लागते. ऑस्ट्रेलियात शेतकऱ्याला त्याच्या स्वतःच्या उसातल्या साखरेनुसार पैसे देण्याची पद्धत जुनी आहे. १९९० च्या दशकापासून तिथल्या कारखान्यांत पट्ट्यावरून सरकणाऱ्या तुकडे केलेल्या उसावर अवरक्त प्रकाश टाकून साखर मोजणारी यंत्रे आली. अवरक्त म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. साखरेचे बंध, पाण्याचे बंध, चोथ्याचे बंध त्यातल्या वेगवेगळ्या तरंगलांबी गिळतात; परत आलेल्या प्रकाशाच्या वर्णपटावरून कोणाच्या खेपेत किती साखर, हे ऊस पुढे सरकत असतानाच कळते. तंत्र त्याच वर्णपटशास्त्राचे, फक्त पेशीऐवजी पट्ट्यावर लावलेले.

आपल्याकडे हजारो लहान शेतकरी, बैलगाड्या, ट्रॅक्टर, तोडणी टोळ्यांचे वेळापत्रक. एकेका खेपेची साखर मोजून हिशेब ठेवणे कठीण आहे आणि मोजणाऱ्यावर विश्वास कोणी ठेवायचा, हा काट्याइतकाच जुना प्रश्न तिथेही उभा राहील. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. जोवर शेतकऱ्याचे फक्त वजन मोजले जाते, तोवर तो वजनाचाच वाण लावणार, शेवटपर्यंत पाणी देणार आणि त्याचे वागणे अगदी शहाणपणाचे असणार. साखरेची दारे कितीही उलगडली, त्यांच्या ज्ञानातून जास्त साखरेचा वाण निघाला, तरी टन थोडा कमी पडत असेल तर तो फडात टिकणार नाही.

आणि टनाची किंमत पाण्यात मोजावी लागते. खडकवासल्याच्या पाण्यावर वाढत्या पुण्याची तहान दरवर्षी पुढे सरकते आहे. उन्हाळी आवर्तन किती मिळणार, यावर दौंडमध्ये दर साली तंटा होतो. उसाला पाणी कमी मिळणार हे जवळजवळ ठरलेले आहे. अशा वेळी प्रत्येक टनातली साखर वाढवणे हा या दोन तालुक्यांसमोरच्या थोड्या मार्गांपैकी एक आहे. ती साखर कोणत्या दारातून कोठीत जाते, हे आता बरेचसे समजू लागले आहे. समजलेले शेतापर्यंत यायचे असेल, तर मांजरी, पाडेगाव आणि कोइमतूरच्या संशोधकांना उसाच्या शंभर गुणसूत्रांत शिरावे लागेल आणि त्याच वेळी कारखान्यांना आपल्या काट्याशेजारी साखर मोजणारा प्रकाशही बसवावा लागेल. यातले पहिले काम अवघड विज्ञानाचे आहे. दुसऱ्यासाठी लागणारे यंत्र तयार आहे. ठरवायचे आहे ते शेतकरी आणि कारखाना यांनी मिळून.